दांडीवरची बोटं

दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावायची मला खोड आहे. शिमग्यात पावस गावाला जाणाऱ्या एसटीत शेजारचा माणूस एका परदेशी रॉक ड्रमरवरचा माहितीपट बघत होता. त्याची बोटं पुढच्या सीटच्या दांडीवर तोच ठेका अचूक वाजवत होती. पडद्यावर ड्रमरने बाटली तोंडाला लावली आणि बोटं थांबली.

"माजी दारू सुटली त्याला दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "पण त्यापायी ढोल सोडायला लागला. आमच्याकडं ढोल गळ्यात घालायच्या आधी ग्लास देतात. मान असतो तो. नाय म्हटलं तर गावकी रागावते."

"आज वाजवणार?" मी विचारलं.

"पालखीपुढं वाजवायला बोलावलंय." त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. "शेवट तुमी बघा. न पिता परत वाजवतो काय, तेवढं सांगा."

ड्रमर स्टेजच्या पायऱ्या चढत होता, तेवढ्यात शेजाऱ्याचा थांबा आला. लांबून ढोल ऐकू येत होता. शेवटाची वाट न बघता त्याने माझ्या हातातला मोबाइल घेऊन बंद केला. दोन्ही हात पँटच्या खिशात घट्ट कोंबून तो उतरला.

एसटी हलली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. खिशांचं कापड हलत होतं; आतली बोटं ठेका धरत होती.