आबांची बशी

आबा गेल्याचं आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी मालाडच्या ऑफिसात होते. उठून साहेबांच्या टेबलापाशी गेले आणि तोंडातून शब्दच फुटेना. रडू येत होतं म्हणून नव्हे. मी लहानपणापासून अडखळत बोलते, आणि 'आ'ने सुरू होणारे शब्द तर माझे जुने वैरी. 'आ… आ…' एवढंच होत राहिलं. शेवटी 'घरी जायचंय' म्हणून बॅग उचलली. रिक्षात बसल्यावर मनात आलं, ज्या माणसाने मला बोलतं केलं त्याच्याच नावापाशी आज मी अडकले. या गोष्टीला आता दीड महिना होत आला, पण ते काही मनातून जात नाही.

आबा म्हणजे माझ्या बाबांचे वडील. अंधेरीच्या एका कॉलेजात उभी हयात इंग्रजी शिकवलेले परब सर. गिरणी कामगाराचा मुलगा, शिकला म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत. कॉलेजात जाताना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि दहिसरच्या बाजारात बांगड्याच्या भावावरून हुज्जत घालताना अस्सल मालवणी, दोन्ही त्यांना सारखंच शोभायचं. आमच्या सोसायटीच्या बोर्डावर लागलेल्या इंग्रजी नोटिसा ते लाल पेनाने तपासायचे, वर दहापैकी मार्क द्यायचे. सेक्रेटरी आधी भडकले, मग नोटीस लावण्याआधीच कागद घेऊन आमच्याकडे चहाला यायला लागले. आबांना हुशारी मिरवायची नसे, चूक दिसली की राहवत नसे इतकंच. चुकणाऱ्या माणसाला मात्र ते कधी हसले नाहीत.

त्यांच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली पुष्कळ मुलं असत. इंग्रजी धडा वाचायला उभं राहायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. आबा सुरुवातीला कुणाला एकट्याला उभंच करत नसत. अख्खा वर्ग एका आवाजात वाचायचा. मग ते एका बाकाकडे बघून बोट वर करत, तो बाक गप्प व्हायचा. पुन्हा बोट, पुन्हा एक बाक गप्प. असं करता करता वर्गातलं सगळ्यात भित्रं पोर तेवढं वाचत राहिलेलं असायचं, आणि आपण एकटेच वाचतोय हे त्याला चार ओळींनंतर कळायचं. तोवर भीतीची वेळ टळून गेलेली असे.

हाच प्रयोग त्यांनी घरात माझ्यावर केला. शाळेत पोरं माझी नक्कल करायची, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. आबांनी उपदेशाचे डोस पाजले नाहीत. एका सकाळी गॅलरीत पेपर उघडून मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, दोघं मिळून वाचू. मी अडकले तर, असं मी कसंबसं विचारलं. 'मी आहे ना' हे आबांनी मालवणीतच सांगितलं.

"कित्याक घाबरतस? मी आसय मा."

दुसऱ्याच्या आवाजाबरोबर माझा आवाज अडत नाही हे त्यांनी कसं ओळखलं, कोण जाणे. आम्ही रोज वाचायला लागलो. अग्रलेख, क्रिकेट, सोन्याचा भाव, काही सोडलं नाही. मग एके दिवशी मी रंगात येऊन वाचत असताना शेजारून बशीत चहा ओतल्याचा आवाज आला, मागोमाग फुर्र. मी चमकून पाहिलं. तोंडात चहा असलेला माणूस वाचेल कसा? मी रागावले, रडलेसुद्धा. आबांनी शांतपणे बशी खाली ठेवली.

"मी केव्हाच थांबलोय गं. तुला आज कळलं."

माझं अडखळणं काही गेलं नाही, पण बोलायची भीती गेली. नोकरी मिळाली, लोकांशी भांडता यायला लागलं, आणखी काय हवं?

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचीच वाचा गेली. इंग्रजी, मराठी, मालवणी, सगळंच. जन्मभर बोलून जगलेला माणूस भिंतीकडे बघत बसायचा. मी पेपर घेऊन शेजारी बसले आणि अडखळत का होईना म्हणाले, "मी आसय मा." ते अर्ध्याच ओठाने हसले. आधी नुसते ओठ हलायचे, मग माझ्या शब्दांबरोबर त्यांचे शब्द पडायला लागले. एका सकाळी त्यांनी चांगल्या हाताचं बोट वर केलं. क्षणभर मला कळेना… मग मी गप्प झाले, आणि आबा एकटे वाचत राहिले, "दहिसरमध्ये उद्या पाणी नाही." त्यांनी एकट्याने म्हटलेलं ते शेवटचं वाक्य. आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. आजीने मुकाट्याने पिंप भरून ठेवलं.

कॉलेजात शोकसभा झाली. घरच्यांतर्फे मीच बोलावं असा आजीचा हट्ट होता. कागदावर लिहून नेलं होतं, पण माइकपुढे पहिलाच शब्द अडला. 'आबा'च. सभागृह ताटकळलं, मला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात मागून पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ वर आले. "मी सरांच्या वर्गातला, शेवटच्या बाकावरचा," एवढंच पुटपुटले आणि माझ्या कागदात बघून माझ्याबरोबर वाचायला लागले. शब्द सुटला. मी वाचत गेले, पान उलटलं, शेवटाला येऊन मान वर केली, तर ते आपल्या खुर्चीत जाऊन बसलेले होते. केव्हा गेले ते मला कळलंच नव्हतं.

अजूनही मी सकाळी गॅलरीत पेपर मोठ्याने वाचते. शेजारची खुर्ची रिकामी असते. आजी जन्मभर कपानेच चहा प्यायली. आबांच्या फुरक्यांना तिने कायम नावं ठेवली. परवा मी वाचत होते आणि ती चहा घेऊन त्या खुर्चीत येऊन बसली. थोड्या वेळाने बशीत चहा ओतल्याचा आवाज आला… मागोमाग फुर्र. मी वळून पाहिलं नाही. वाचत राहिले.