पंचेचाळीस सेकंदांचं स्वागत

बियाणं-तपासणी प्रयोगशाळेतला, टाइप केलेले निरोप तारेवरून धाडणारा टेलेक्स बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी टेलेक्सबाईंना दुसरं नाव द्यायचं कुणाला सुचलं नाही. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. अठरा वर्षं टेलेक्सपुढे काढलेल्या बाईंना यंत्र गेल्यावर आवक-जावक विभागात टाकलं होतं. तिथे दिवसभर पाकिटं चिकटवायची, नंबर घालायचे आणि हेडक्लार्कच्या सर्दीचा इतिहास ऐकायचा. संध्याकाळी बाई घरी यायच्या त्या बोटांना डिंक आणि नाकावर राग घेऊन. सासूबाईंनी एकदा तोंडावर सांगितलं, "त्या यंत्राबरोबर तुलाही अडगळीत टाकलंय. पण ते बिचारं घरी येऊन भांडी तरी आपटत नाही."

मग संगणक आला. तो आला त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतल्या तिन्ही शास्त्रज्ञांना शेतावरची तातडीची कामं निघाली. बसवायला आलेला इंजिनिअर पाच दिवस शिकवणार होता. त्यातले तीन दिवस तो स्वतःच शिकत होता. अखेर साहेब, म्हणजे प्रयोगशाळेचे संचालक, बाईंना म्हणाले, "तुम्हाला टायपिंग येतं ना? मग झालं तर." नेमणूक एका वर्षाच्या बोलीवर होती. उगवणीचे निकाल रोज बिनचूक मुख्यालयात पोचले, तर बाईंना कायम करण्याचा कागद साहेब वर नेणार. नाही पोचले, तर पुन्हा डिंक. आवक-जावकला परत जायचं नाही, असं बाईंनी ठरवलं आणि सासूबाईंसमोर मोठ्याने बोलूनही दाखवलं, म्हणजे माघार घ्यायला नको.

संगणकाला जागा मिळाली ती बियाणं ठेवायच्या थंड कपाटांच्या खोलीत, कारण रिकामी तेवढीच होती. भर उन्हाळ्यात बाई तिथे स्वेटर घालून बसायच्या. एका स्टुलावर मोडेम, म्हणजे संगणकाचं बोलणं फोनवरून धाडणारा डबा, मोडेमला फोनची तार, आणि शेजारी संगणकाच्या युनिक्स प्रणालीचं एक जाडजूड पुस्तक. ते पुस्तक सगळं समजलेल्या माणसासाठीच लिहिलेलं होतं. बाईंनी ते तरीही दोनदा वाचलं.

वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की यात घाबरण्यासारखं काही नाही. मुख्यालयातला संगणक रोज सकाळी अकराला फोन लावणार, इकडचा उचलणार. मग ओळखपाळख. तिकडच्या एका फाइलमध्ये ओळीने लिहिलेलं असायचं, की अमुक ऐकू आलं की तमुक बोल. 'कोण?' ऐकू आलं की नाव सांग, 'खूण?' ऐकू आली की परवलीचा शब्द सांग, आणि आत येऊन निकाल घेऊन जा. टेलेक्सवरही आधी 'तू कोण' हेच विचारत. इंजिनिअरने ज्या ओळीशी दीड दिवस झटापट केली, ती बाईंनी चहा गार व्हायच्या आत लावून दिली. पहिले चार महिने एकही दिवस चुकला नाही.

दृष्ट लागावी असं चाललेलं असताना साहेब खोलीत आले. त्यांनी ओळखपाळख पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"दारात आलेल्याला नुसतं 'कोण?' विचारायचं? या, बसा, काही नाही?"

"साहेब, तिकडे यंत्र आहे."

"यंत्रामागे माणसं असतात, बाई."

माणसं नव्हती. मुख्यालयातली माणसं अकराला चहाला जायची. पण साहेबांनी दोन दिवस दार बंद करून स्वागताचा मजकूर लिहिला. चौतीस ओळी. त्यात प्रयोगशाळेची स्थापना होती, बियाण्याचं मानवी जीवनातलं स्थान होतं, आजवरच्या संचालकांची नामावळी होती आणि एकविसाव्या ओळीपासून पुढे साहेब होते, पदव्यांसकट. बाईंनी तो जसाच्या तसा दारात लावला, म्हणजे कुणीही जोडलं की आधी स्वागत, मग 'कोण?'

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला, मोडेम किंचाळला, दिवा लागला आणि विझला. पाच मिनिटांनी तेच. सात वेळा तेच. आठव्या वेळी बाई घड्याळ घेऊन बसल्या. बरोबर पंचेचाळीस सेकंद. मोडेम सेकंदाला तीस अक्षरं बोलायचा. त्याहून चपळ मोडेम मंजुरीच्या फाइलीत अडकला होता. साहेबांच्या चौतीस ओळींना सव्वा मिनिट लागत होतं. 'कोण?' ऐकायला टपलेलं तिकडचं यंत्र पंचेचाळीस सेकंद वाट बघायचं आणि फोन ठेवून द्यायचं.

तिकडच्या यंत्रावर बसणाऱ्याला बाई 'पलीकडचा' म्हणत. त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. फक्त फोनवर ऐकलं होतं, आणि तेही पुरेसं होतं.

"तुमच्याकडे कुणी भाषण करतंय का?" पलीकडच्याने विचारलं.

"स्वागत आहे. तुम्ही जरा जास्त थांबा ना."

"मला चाळीस ठिकाणी फोन लावायचे असतात, ताई. सगळ्यांचं स्वागत ऐकत बसलो तर निवृत्त होईन."

बाईंनी साहेबांना आडवळणाने सुचवून पाहिलं. साहेब म्हणाले, यंत्राला शिष्टाचार शिकवा. एक ओळसुद्धा कमी करायला ते तयार नव्हते. तेव्हा बाईंनी आपल्या बुद्धीने मार्ग काढला. ऑफिसातल्या टर्मिनलांवर, म्हणजे टेबलाटेबलावरच्या पडद्यांवर, स्वागत तसंच ठेवलं आणि फोनच्या तारेवरचं तेवढं काढून टाकलं. फोन जोडला जाऊ लागला. साहेब रोज सकाळी आपल्या टर्मिनलवर स्वतःचं स्वागत वाचायचे, मान डोलवायचे आणि कामाला लागायचे. बाईंना या फसवणुकीबद्दल काही वाटत नव्हतं. उलट कायम झाल्यावर कोणती साडी घ्यायची, याचा विचार त्या करू लागल्या होत्या.

वर्ष भरत आलं. एका गुरुवारी साहेब खोलीत आले.

"मंगळवारी मुख्यालयात जातोय. तुमचा कागद बरोबर नेतो, तिथेच सही घेतो. आणि त्यांना सांगून ठेवलंय, आमचं स्वागत तुमच्या पडद्यावर कसं दिसतं ते मला बघायचंय." मग जरा थांबून म्हणाले, "इतक्या महिन्यांत तिकडून कुणी एका शब्दाने बोललं नाही. कौतुक करायला लोक लाजतात, बाई."

ते दाराबाहेर गेले. बाईंनी लगेच पलीकडच्याला फोन केला, एका दिवसापुरता थांबायचा वेळ वाढवा म्हणून गळ घातली. तो पहिल्यांदाच जरा मऊ बोलला. मुख्यालयाचे मोठे साहेब स्वतः पडद्यासमोर बसणार असल्याने ही भेट होईपर्यंत कुठल्याही फाइलला हात लावायची त्याला मनाई होती.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. तार मुकी ठेवली तर बाई खोट्या ठरणार. स्वागत लावलं तर चारचौघांत यंत्र साहेबांचं बोलणं तोडणार, आणि जोडणी चालत नाही हेही दिसणार. दोन्हीकडून कागद बुडणार. रविवारभर बाईंनी घरात भांडी आपटली. सासूबाईंनी सगळं काढून घेतलं आणि विचारलं, "त्या माणसाचा तुला राग येतो?"

"येतो. पण तो बिचारा इतके महिने कुणीतरी वाचेल म्हणून वाट बघत बसला, आणि मी ते पाठवतच नव्हते. त्याचं वाईट वाटतं."

"मग पाठव की. पुढचं पुढे."

मंगळवारी सकाळी बाईंनी तारेवर चौतीस ओळी परत लावल्या. अकराला मोडेम किंचाळला. दिवा लागला, पंचेचाळीस सेकंद राहिला, विझला. पाच मिनिटांनी पुन्हा. त्यानंतर पुन्हा. मग शेजारचा साधा फोन वाजला.

"बाई," साहेबांचा आवाज खाली आला होता, "इथे अक्षर न् अक्षर पडद्यावर दिसतं. माझं नाव यायच्या जरा आधी हे ठेवून देतं. तीनदा झालं."

"पंचेचाळीस सेकंदच थांबतं ते, साहेब."

"पण मग इतके महिने?"

बाईंनी डोळे मिटले. "इतके महिने मी तुमचं स्वागत फोनवर ठेवलंच नव्हतं. इथल्या टर्मिनलांवरच होतं. निकाल पोचावेत म्हणून केलं. सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. चूक माझी आहे."

पलीकडे कुणाचा तरी चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"काढा ते," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाईंनी काढलं. पाच मिनिटांनी मोडेम किंचाळला, ओळखपाळख झाली, निकाल गेले. बाई खुर्चीत बसून राहिल्या. आवक-जावकचा हेडक्लार्क दारातून जाताना आज उगाच प्रेमाने हसल्यासारखा वाटला आणि त्यांना डिंकाचा वास आला.

बुधवारी साहेब आले ते आपल्या खोलीत न जाता सरळ थंड खोलीत. बसायला काही नव्हतं म्हणून उभेच राहिले. त्यांनी कागद बाईंच्या पुढे ठेवला. खाली मुख्यालयाची सही होती. शिफारशीच्या जागी साहेब एरवी दोन पानं जोडायचे. त्यांच्या शिफारशींना टाचणी पुरत नसे. इथे त्यांच्या अक्षरात एकच ओळ होती: 'या बाई नसतील तर आमचं काही पोचत नाही.'

बाईंनी ती दोनदा वाचली. सवयीने कागद उलटून पाहिला. मागे कोरं होतं.

"एवढंच, साहेब?" त्यांच्या तोंडून गेलं.

"एवढं त्यांनी शेवटपर्यंत वाचलं," साहेब म्हणाले.