बंगल्याचा तिसरा खांब

माझे पप्पा सुट्टीवर जाताना बॅगेत लाकूड तासायच्या दोन पटाश्या टाकतात. बायका पर्समध्ये सेफ्टी पिन ठेवतात ना, तसं. का, तर "लागतात गं कधीकधी." त्या दिवशी घाटकोपरच्या घरी मी त्यांची बॅग तपासली तेव्हा पटाश्या निघाल्या, छोटा रंधा निघाला, स्टीलची जुनी मोजपट्टी निघाली. टॉवेल मात्र निघाला नाही.

पप्पांचं नाव धोंडिराम इंगळे, वय सहासष्ट, काम पॅटर्नमेकर. पॅटर्नमेकर म्हणजे काय हे सांगता सांगता माझं बालपण संपलं. शाळेतल्या बाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की ते ब्लाउजचे नमुने काढतात. तर, पंपाचे, मशिनीचे लोखंडी भाग ओतून करतात. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात आणि त्या वाळूत ठसा उमटवायला आधी तशीच्या तशी लाकडी वस्तू लागते. ती वस्तू म्हणजे पॅटर्न. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये पप्पांनी चव्वेचाळीस वर्षं पॅटर्न केले.

ते आले बुलढाण्याकडच्या एका खेड्यातून. आजोबा शेतमजूर. आयटीआयला हा ट्रेड घेतला, कारण त्या रांगेत माणसं कमी होती. शेडमध्ये पहिल्याच दिवशी मिस्त्रीने विचारलं, "घरात कुणी सुतारकी केलीय का रे?" आडनाव ऐकून विचारलेला प्रश्न होता तो, आणि त्यातली मेख पप्पांना बरोबर कळली. ते म्हणाले, "नाही. आमच्यात माझ्यापासून सुरू होते." मिस्त्रीने तीन महिने नुसता भुसा झाडायला लावला. पाच वर्षांनी तोच मिस्त्री अडलेलं काम घेऊन पप्पांच्या टेबलापाशी यायला लागला. ही गोष्ट पप्पा कधी सांगत नाहीत. मी सांगते, आणि दर वेळी छाती फुगवून सांगते.

गेल्या वर्षी मालकाच्या मुलाने कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणलं. पप्पांना शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि घरी बसणं मिळालं. दोन महिन्यांत त्यांनी आमची सगळी दारं, खिडक्या, स्टुलं नीट केली. पुढच्या दोन महिन्यांत शेजाऱ्यांची केली. मग नीट करण्यासारखं काही उरलं नाही आणि पप्पा गप्प झाले. चहा देताना आई हाक मारायची तेव्हा दचकायचे. मला ते बघवेना. म्हणून मी सातपुड्याच्या डोंगरातला वनखात्याचा जुना लाकडी बंगला दोन रात्रींसाठी बुक केला. आई म्हणाली, "माझे गुडघे आणि तुझं जंगल, यांचं जमायचं नाही." तेव्हा आम्ही दोघंच निघालो.

शेवटचे अठरा किलोमीटर जीपशिवाय रस्ता नाही. मोबाइलची रेंज घाटाच्या पायथ्याशीच संपली. वर पोहोचलो तर सागाच्या झाडांमध्ये, दरीच्या अगदी काठावर तो बंगला: उतरतं कौलारू छप्पर, पुढे लांबलचक व्हरांडा, व्हरांड्याला सहा खांब. सव्वाशे वर्षांपूर्वीचा. मी दरीचे फोटो काढत सुटले. पप्पांनी दरीकडे पाठ केली आणि वर तुळईकडे बघत उभे राहिले.

"तेजल, खिळा दाखव मला एक."

"काय?"

"सगळा बंगला खुंट्या आणि खाचांवर उभा आहे. एक खिळा नाही, बघ. कोणी केलं असेल गं?"

सहा महिन्यांत ते सलग एवढं बोलले नव्हते. मी मनात म्हटलं, वसूल झाली सुट्टी.

मग ते एकेका खांबावर बोटं वाजवत निघाले. पहिला टणक, दुसरा टणक. तिसऱ्यापाशी थांबले, खाली बसले आणि बॅगेतून पटाशी काढून खांबाच्या पायाशी टेकवली. शिऱ्यात चमचा जावा तशी ती आत गेली.

चहा घेऊन येणारा मिथुन जागच्या जागी थांबला. मिथुन तिथला रखवालदार आणि स्वयंपाकीही. त्याच्या आधी त्याचे वडील तिथेच होते. "काका, तुम्हाले समजलंच," तो म्हणाला. "सोमवारी इंजिनीयर येऊन राह्यले तपासाले. खांब पाहतीन अन् बंगल्याले कुलूप लावतीन. एकदा कुलूप लागलं का मंग पाडतेच. खालचा लाकडी बंगला असाच गेला."

तो दिवस शनिवारचा होता. पप्पांनी चहा तसाच ठेवला. "जीपमधून येताना मागे ते पडकं स्वयंपाकघर दिसलं, त्याचं आढं सागाचं आहे ना?"

"यार पप्पा," मी म्हटलं, "सुट्टीवर आलोय आपण!"

"मग? सुट्टीत आवडीचं काम करायचं नसतं का?"

या माणसापुढे डोकं फोडून उपयोग नाही हे मला तिसरीपासून माहीत आहे. पाण्याच्या टाकीवर चढलं की रेंज येते, तिथून मिथुनने वनखात्याच्या अधिकारी नीला मॅडमना फोन लावला. मॅडमनी पप्पांना दहा मिनिटं प्रश्न विचारले. टेकू कसा देणार, खाच कुठे घेणार, हत्यारं कुठली. शेवटी म्हणाल्या, "करा. तसंही जाणारच आहे तो. पण सोमवारी खांब भार घेताना दिसला नाही, तर कुलूप मी स्वतः लावणार."

रविवारी उजाडताच काम सुरू झालं. जीपच्या जॅकवर बांबूंचा टेकू उभा करून तुळई तोलून धरली. पप्पांनी खांबाचा खालचा कुजलेला भाग कापून काढला. पडक्या स्वयंपाकघरातल्या आढ्याचा एकच तुकडा धड निघाला, बाकी सगळा वाळवीने खाल्लेला. तेवढ्यातच भागवायचं होतं. पप्पा खांबापाशी बसून आपल्या पट्टीने मापं घेत होते आणि ओरडून सांगत होते. मी मागच्या अंगणात मिथुनच्या टेपने लाकडावर खुणा करत होते. "साठ!" ते ओरडले. मी साठवर रेघ मारली. मिथुनने करवत चालवली.

दुपारी तुकडा खाचेत बसवला. वर चपखल बसला. खाली, पायाचा दगड आणि लाकूड यांच्यामध्ये फट राहिली. पेन्सिल आरपार जाईल एवढी.

मी दोनदा टेप लावला. बरोबर साठ. मग पप्पांनी हातातल्या पट्टीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

ती पट्टी साधी नव्हती. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच जरा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा केसभर मोठा. साठ सेंटिमीटरला सहा मिलिमीटरचा फरक. चव्वेचाळीस वर्षं हातात तीच पट्टी होती, त्यामुळे जगात दुसरी पट्टी असते हेच ते विसरले होते. त्यांनी मोजलं त्यांच्या साठने, मी कापवलं जगाच्या साठने.

"वाट लागली," मी म्हटलं. दुसरं लाकूड नव्हतंच.

मिथुन हळूच म्हणाला, "काका, फटीत सिमेंट भरतो. वरून रंग मारला का कोणाले कळते?"

"खांबाला कळतं," पप्पा म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले. पाठ वाकवून, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. मला भीती वाटली ती बंगल्याची नव्हती. हा माणूस इथून घरी गेला की पुन्हा कधी पटाशीला हात लावणार नाही, असं मला अगदी स्पष्ट दिसायला लागलं. मीच आणलं होतं त्यांना इथे. मी स्वतःला शिव्या घातल्या.

अर्ध्या तासाने ते उठले, तुकडा खाचेतून काढला आणि त्याच्यावर खालून दोन सेंटिमीटरवर रेघ मारली.

"पप्पा! आधीच कमी पडलाय, आणखी कापताय?"

"सहा मिलिमीटरच्या फटीत काही बसत नाही. चुरा होतो नुसता. चूक लपेल एवढी ठेवली तर ती कामाची नाही. मोठी कर, मग तिच्यात काहीतरी बसवता येतं. धर इकडून."

कापून उरलेल्या सागातून त्यांनी दोन पाचरी घडवल्या. एक डावीकडून, एक उजवीकडून, समोरासमोर, उतारावर उतार. तुकडा परत बसवला, खाचेत खुंट्या मारल्या आणि पायाखाली पाचरी सारून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोकायला लागले. प्रत्येक ठोक्याला ते थांबून वर बघत होते. अकराव्या की बाराव्या ठोक्याला वर तुळई करकरली, आणि जीपच्या जॅकवर हात ठेवून उभा असलेला मिथुन ओरडला, "काका, जॅक मोकळा झाला! उचललं खांबानं!"

पप्पांनी कपाळ पुसलं. जेवताना तीन भाकरी खाल्ल्या. झोपायला आतली खाट सोडून व्हरांड्यात आले आणि त्या तुळईच्या बरोबर खाली सतरंजी टाकली.  माझीही सतरंजी शेजारी टाकली.

सोमवारी सकाळी नीला मॅडम आल्या, सोबत श्रेयस नावाचा तरुण इंजिनीयर. मॅडमच्या हातात खरंच कुलूप होतं. श्रेयसने सहाही खांबांवर हातोडी वाजवली, ओळंबा सोडला, तुळईला दोरी लावून बघितली. तिसऱ्या खांबापाशी उकिडवा बसला तो बराच वेळ उठेना. मग त्याने मान वर केली तर चेहरा खुललेला.

"झकास काम आहे काका. पाचरी मुद्दाम ठेवल्यात ना? पुढे ॲडजस्ट करता याव्यात म्हणून? ही जुन्या लोकांची पद्धत आता कोण करतं?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. मी पप्पांकडे बघून मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा हो, म्हणा!

"नाही साहेब," पप्पा म्हणाले. "माझं माप चुकलं." आणि खिशातून पट्टी काढून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. साठ, सहा मिलिमीटर, एकच लाकूड, सगळं. मिथुनने डोळे मिटून घेतले. मला हात जोडून म्हणावंसं वाटलं, पप्पा, हरिश्चंद्राचा अवतार आजच घ्यायचा होता का?

श्रेयसचं पेन कागदावर थांबलं. "मग मी पास कसं करू काका? तुम्हीच चूक आहे म्हणताय."

"चूक आहे म्हणून सांगतोय. हे लाकूड पावसात फुगणार, नंतर सुकणार, तेव्हा पाचर ढिली पडणार. मी हे मुद्दाम केलंय असं तुम्ही धरून चाललात, तर निर्धास्त व्हाल, कोणी बघणार नाही, आणि पाचव्या वर्षी खांब लोंबकळेल. चूक माहीत असली म्हणजे माणूस लक्ष ठेवतो. वर्षातून एकदा दोन ठोके मारायचे, एवढंच. आज भार तो घेतोय. काल रात्री आम्ही दोघं त्याच्याखालीच झोपलो होतो. लेकीला घेऊन झोपलो मी."

 श्रेयस पुन्हा खाली बसला, दोन्ही पाचरी हाताने हलवून बघितल्या. हलल्या नाहीत. मग मॅडमकडे वळून म्हणाला, "चालू ठेवायला हरकत नाही. दर वर्षी तपासणीची अट टाकतो."

मॅडमनी कुलूप जीपमध्ये टाकलं. मिथुनने पप्पांचे दोन्ही हात धरले ते सोडेचना.

श्रेयसने अहवालाचा कागद पुढे केला. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव, अशी एक जागा होती. पप्पा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी लाकडात किती कंपन्यांची नावं कोरली असतील. ती लोखंडात उतरली, पंपांवर बसून गावोगाव गेली. स्वतःचं नाव कुठल्याच कामावर पडलं नाही. त्या धंद्यात तशी पद्धतच नाही.

चष्मा पुसून त्यांनी लिहिलं, एकेक अक्षर कोरल्यासारखं: धोंडिराम सखाराम इंगळे, पॅटर्नमेकर, मरोळ. मग म्हणाले, "खाली एक ओळ लिहू का साहेब?" आणि लिहिली. "खांब तिसरा. माप माझ्याकडून सहा मिलिमीटर चुकले आहे. दर वर्षी दिवाळीनंतर पाचर ठोकून घ्यावी."

श्रेयसने ती ओळ दोनदा वाचली, कागदाची घडी न घालता तो फाइलमध्ये सरळ ठेवला आणि पप्पांच्या पाया पडायला वाकला. पप्पा घाबरून मागे सरकले.

"हे माझे पप्पा," मी त्याला सांगितलं. सगळ्यांना माहीतच होतं ते. पण मला राहवेना, म्हणून मॅडमना पण सांगितलं.