अंगठा मीच ओढला होता

"हाड मोडलंय. आणि वर कोणीतरी ओढलंयही," परळच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणाले.

कोणीतरी म्हणजे मीच. डिलाईल रोडच्या आमच्या महिला कबड्डी संघाची मी जुनी कॅप्टन. वय सेहेचाळीस, काम ब्लाउज शिवण्याचं. मैदानावर कोणाचं बोट दुखावलं की मी ते धरून ओढायचे, चिकटपट्टी गुंडाळायचे आणि खेळ पुढे सुरू. वीस वर्षं हेच. चाळीतल्या सामन्यात माझा उजवा अंगठा दुमडला, तेव्हा त्यालाही तोच उपाय केला. वर तीन दिवस हळद लावून मिरवलं. मूर्खपणा नुसता.

'बेनेट्स फ्रॅक्चर', म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी, सांध्यात हाड मोडणं. मी एकच विचारलं, "कातर धरता येईल ना?"

"पकड पूर्ण येईलच, असं आज सांगत नाही."

घरी सासूबाईंनी निकालच लावला. "ह्या वयात कसली कबड्डी गो! आता ती कातर ठेव नि घरात गप बस."

असा राग आला! वीस वर्षांची गिऱ्हाइकं माझी, कातर माझी. ती कधी ठेवायची, हे मी ठरवणार.

ऑपरेशनमध्ये चिरफाड नव्हती. 'क्लोज्ड रिडक्शन', म्हणजे कातडी न उघडता हाड जागेवर आणणं. मग 'के-वायर', म्हणजे सुईसारख्या तारा कातडीतूनच आत घालून ते धरून ठेवणं. फक्त हात बधिर केला होता, मी जागी होते. डॉक्टरांनीही अंगठा ओढलाच. पण ते एक्स-रेच्या पडद्यावर हाड बघत ओढत होते. मी इतकी वर्षं काय बघून ओढत होते? लाज वाटली.

पाच आठवड्यांनी तारा निघाल्या. अंगठ्याचं लाकूड झालं होतं. फिजिओथेरपीचे व्यायाम दुखतात, डोळ्यांत पाणी येतं. तुमच्यावर वेळ आली तर रडा, पण करा. मी आधी वर्तमानपत्र कापलं, तेही वाकडं. मग अस्तराचं कापड.

गेल्या रविवारी मैदानावर आमची सायली अंगठा पुढे करून धावत आली. "ताई, ओढ ना पटकन!"

"कोणी हात लावायचा नाही. आधी एक्स-रे."

"अगं, पण मॅच?"

"मॅच गेली खड्ड्यात."

पिशवीतली कातर काढली, माझी नवी ओढणी उभी कापली आणि तिचा हात गळ्यात अडकवला. कातर कुठेही अडली नाही.