अडीचला घरी

त्या बाईने माझ्या नातीला पहिले तीन महिने घराची किल्ली दिली नाही. खोली दिली, जेवायला घातलं, पण किल्ली नाही. शेरिलने बाहेरून यायचं, खाली उभं राहून बेल वाजवायची, मग ही वरून दार उघडणार. दुबईत बसून मला राग आला. मी म्हटलं, ही घरमालकीण आहे की तुरुंगवाली? शेरिल म्हणाली, "आजी, शी इज सो रूड. सेम लाइक यू."

तेव्हापासून मी तिच्याकडे नीट बघायला लागले. भेटले मात्र कधीच नाही. जी ओळख झाली ती फोनवर. शेरिल स्पेनमध्ये सालामांका गावात दोन वर्षं शिकायला होती आणि या म्हातारीच्या घरात राहायची. ती तिला सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब, म्हणायची, म्हणून आम्हीही सेन्योराच म्हणायचो.

सेन्योराच्या घड्याळात एकच वेळ होती, अडीच. दुपारी अडीचला जेवण. कॉलेजातून धावत ये नाहीतर रांगत ये, त्या वेळेला टेबलाशी बसायचं. एकदा शेरिल घाईत ओट्याशी उभ्यानेच पाव खायला लागली, तर हिने तो हातातून काढून घेतला. म्हणाली, "उभ्याने खातात ते स्टेशनवर. हे घर आहे." किल्लीचंही तसंच. "अडीचला घरी येणाऱ्याला किल्ली. बाकीच्यांना बेल." तीन महिन्यांनी दाराजवळच्या खिळ्यावरून किल्ली काढून तिने शेरिलच्या हातात दिली, तेव्हा पोरीने आम्हाला ती फोनवर अशी दाखवली, जणू पदक मिळालं.

त्यांचे अडीच म्हणजे थंडीत आमचे साडेपाच. इकडे दुबईत ऊद मेथा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी चहा घेऊन बसायची, तिकडे पाण्याच्या जगला फोन टेकवलेला असायचा. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. मध्ये शेरिल, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. ती कंटाळली की आम्ही दोघी आपापली ताटं दाखवायचो. शेरिलने "जेवले" म्हणून मला फसवलं तर सेन्योरा न बोलता तिचं भरलेलं ताट फोनसमोर धरायची. खोटं बोलायची सोय नव्हती.

बहुतेक दिवस लसणाचं सूप असायचं. शिळा पाव, भरपूर लसूण, वर एक अंडं. मी विचारलं, रोज शिळा पाव कशाला? उत्तर आलं, "ताजा पाव कोणीही खातं. शिळ्याचं काय करते, त्यावरून बाई कळते." हेच माझी सासू बोलली असती तर मी भांडले असते. हिचं पटलं.

शेरिल दुबईत जन्मलेली. थंडी म्हणजे एसी, नको असेल तर बंद करायचा, एवढंच तिला माहीत. पहिल्या हिवाळ्यात ती खोलीत जाकीट घालून रडत बसली. सेन्योराने तिला उठवून गोल टेबलाशी बसवलं. त्या टेबलाखाली विजेची शेगडी असायची आणि वरून जमिनीपर्यंत जाड कापड. पाय आत घालायचे, पुस्तक वर ठेवायचं. पोरगी दोन हिवाळे त्या टेबलावर शिकली. समोर सेन्योरा विणत बसायची. शेरिलने मान वर केली की सुई पुस्तकाकडे दाखवायची. एकदा मी विचारायला लावलं, बाई, तुमचं शिक्षण किती? तिने तीन बोटं वर केली. मी चार दाखवली. तिने मला वाकून नमस्कार केला, साहेबाला करतात तसा. मग दोघी हसलो.

दुसऱ्या वर्षी गाडी अडली ती व्हिसावर. शेरिल बापाच्या व्हिसावर. सहा महिन्यांच्या आत दुबईत पाय ठेवला नाही तर खलास, मग जिथे जन्मली त्याच घरात पाहुणी म्हणून यायचं. नाताळात परीक्षेमुळे ती आली नव्हती. मार्चच्या दहा तारखेला मुदत संपत होती. आणि फेब्रुवारीत सेन्योरा न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आली, पण चार पायांची काठी धरूनच चालायची. तिची भाची सकाळी येऊन जायची, बाकी दिवसभर शेरिल.

शेरिल म्हणाली, व्हिसा गेला तर जाऊ दे, मी हिला सोडून येणार नाही. माझा मुलगा फोनवर ओरडला. मी म्हटलं, सेन्योराला विचार.

सेन्योरा बराच वेळ बोलली. शेरिलने खाली बघून सांगितलं, "ती म्हणते, राहिलीस तर बरं वाटेल."

एवढ्या लांब बोलण्याचं एवढंच? सेन्योरा माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने पोरीच्या हातातून फोन काढून घेतला आणि काठी टेकत, थांबत थांबत दारापर्यंत गेली. मला आधी खिळा दाखवला. शेरिलची किल्ली त्यावर परत टांगलेली होती. मग खाली शेरिलची बॅग दाखवली, भरलेली. मग भरलेलं ताट दाखवताना बघायची तसं माझ्याकडे बघितलं.

मी मराठीतच म्हटलं, "कळलं. पाठव."

शेरिल आली. मुदतीला तीन दिवस होते. सेन्योराशी बोलायला तयार नव्हती. "माझी किल्ली काढून घेतली," म्हणाली, "मला हाकललं." साडेपाचला मी एकटीच चहाचा कप फोनसमोर धरायची, तिकडून ती सूप दाखवायची. पोरगी दुसऱ्या खोलीत. नवव्या दिवशी फोन सकाळी आला, भाचीचा. सेन्योरा झोपेतच गेली.

शेरिल मला म्हणाली, "तुम्ही दोघींनी ठरवलं." मी म्हटलं, हो, ठरवलं. चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या नऊ दिवसांत पोरीला एकदा तरी ओढून फोनसमोर बसवायला हवं होतं. ते मी केलं नाही.

परीक्षेसाठी ती परत गेली. बेल वाजवली, भाचीने दार उघडलं. किल्ली खिळ्यावरच होती. तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती, सेन्योराच्या हातची. त्यावर फक्त वेळ लिहिली होती, अडीच.

आता शेरिल इथेच नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी अडीचला जेवायला बसते आणि बापालाही उभ्याने खाऊ देत नाही. घर रिकामं करताना भाचीने ती किल्ली तिलाच ठेवायला सांगितली. ती आमच्या दाराजवळ टांगली आहे. परवा मुलगा म्हणाला, "आई, या किल्लीने इथलं एकही दार उघडत नाही. काढून टाकू का?"

मी म्हटलं, "तुझं काय खाते ती?"