आंबील समजून प्यालेला सिरका

मन्नाएखेळ्ळीच्या बिराप्पाचा आवाज म्हणजे आवाज होता! माइक नव्हता त्या काळी जत्रेत त्यानं ओवी धरली, की पार मागं बसलेल्या बाईच्या मांडीवरचं लेकरूही रडायचं थांबायचं. त्याची मेंढरं त्याच आवाजाच्या दोरीला बांधलेली. त्यानं "हुर्र्योऽऽ" म्हटलं, की पुढची काळतोंडी मेंढी मान वळवायची आणि तिच्यामागं अख्खा कळप.

पण आवाजाचा हा धनी आतून भ्यालेला होता. थोरला भाऊ रेवणसिद्ध त्याच्यासारखाच ताठ गडी. साखरेच्या रोगात त्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. आता ओसरीवर बसून तो वाटेनं जाणारी मेंढरं नुसती बघतो. आणि गेल्या वर्षी बिराप्पालाही साखर निघाली. गोळ्या घेऊनही ती हटेना, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला इन्सुलिनची सुई सुरू करू." बिराप्पाला सुईमागं करवतच दिसली. भावाचंही सुईपासूनच सुरू झालं होतं.

हायवेवरच्या चहावाल्या संगमेशनं त्याला मोबाइलवर एक माणूस दाखवला. तो सांगत होता, सफरचंदाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, प्या, साखर पळते.

"लई आंबट असंल की रं?"

"आंबटाला कवापास्नं भ्यायलाव, अप्पा? आंबिलीवरच वाढलाव न्हवं?"

हे पटलं. धनगराच्या पोटाला ज्वारीची आंबील म्हणजे आईचं दूध. मग सिरक्यात पाणी कशाला घालायचं? रोज सकाळी उपाशीपोटी अर्धा पेला, आंबिलीसारखा गटागट. गळा पेटायचा. तो मनाशी म्हणायचा, रोग जळायलाय. गोळ्या कोनाड्यात तशाच पडून राहिल्या. बाटली घोंगडीच्या घडीत लपलेली, बायकोला, बाणूबाईला, पत्ता नाही. आवाज बसत चालला, तर तो म्हणाला, धूळ गेली.

बाराव्या दिवशी दुपारी काळतोंडीला हायवेपलीकडचं हरभऱ्याचं रान दिसलं आणि ती निघाली. बिराप्पानं छाती भरून हाक घातली.

नुसती हवा आली. फाटक्या भात्यासारखी.

पुन्हा घातली. पुन्हा हवा. काळतोंडी डांबरावर चढली, मागं कोकरं. हैदराबादकडून ट्रक येत होता. बिराप्पा धावला, ढेकळांत पडला, पडल्या पडल्याच तोंड उघडलं. वाईट स्वप्नात फुटत नाही, तशी ती हाक फुटेना.

"हुर्र्योऽऽ!"

हाक त्याचीच, गळा बाईचा. भाकरीचं गाठोडं टाकून बाणूबाई बांधावर उभी होती. चाळीस वर्षांत तिनं एकदाही कळपाला हाक मारली नव्हती. ऐकली मात्र रोज. काळतोंडी थबकली, कान हलवले, वळली. भोंगा ठणाणत ट्रक निघून गेला. त्याच्या वाऱ्यानं एक कोकरू कोलमडलं, उठलं आणि आईमागं पळालं.

दवाखान्यात बिराप्पानं घोंगडीतून बाटली काढून पुढं ठेवली आणि पेला तोंडाला लावल्याची खूण केली. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला. "एक चमचा सिरका ग्लासभर पाण्यात, जेवणासोबत घेतला, तर काही जणांची जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते, अप्पा. बस, तेवढंच. गोळीचं काम तो करत नाही. तुम्ही नुसताच प्यालात, घसा भाजला. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही."

"आवाज येतंय न्हवं बाई, माघारी?" बाणूबाईनं विचारलं.

"बहुतेक."

तो 'बहुतेक' बिराप्पा घरापर्यंत चघळत आला.

"माझ्यापास्नं कामून लपिवलाव?" घरी बाणूबाई कडाडली. "मी काय लांडगा हाय व्हय?"

बिराप्पानं गुडघ्यावर बोट ठेवलं आणि आडवी रेघ ओढली.

 बाणूबाईनं खाली बसून त्याचा पाय मांडीवर ओढला आणि मेंढीचा खूर तपासावा तशी बोटांची एकेक बेचकी बघू लागली.

"हितं काटा मोडलाय की. पू झालाय. तुमाला कळलं बी न्हाई?"

बिराप्पानं मान हलवली. खरंच कळलं नव्हतं.

 मग उठून तिनं कोनाड्यातल्या गोळ्या आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"साखरंनं पाय बधिर व्हायलाय तुमचा. उद्याच परत जाऊ बाईकडं. सुई म्हणल्या तर सुई."

बिराप्पानं भीत भीत दंड पुढं केला, जणू सुई तिच्याच हातात होती.