ताईचा प्रवेश

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, आईला नाही. एकदाच एका माणसाला सांगितलं — आणि त्याच दुपारी ते परत गिळलं. तेही सांगते. पण आधी ताईबद्दल सांगू द्या. तिच्याबद्दल बोलायला लागले की मूळ गोष्ट तेवढीच लांबते — कळतंय मला.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आम्ही लातूरजवळच्या मुरुडचे. आप्पा तिथल्याच शाळेत शिपाई होते. ताईला अक्षरं उशिरा लागली, गणित लागलंच नाही. एकेका वर्गात मागं राहत राहत ती तिसरीत माझ्या वर्गात आली, माझ्याच बाकावर. लाज वाटायची का? तेव्हा नाही. तेव्हा मला वाटायचं, बाकीच्यांच्या ताया वरच्या वर्गात असतात, माझी माझ्याजवळ बसते. माझं दप्तर तीच उचलायची. बोरं वेचली की वाटे करायची — एक तुला, एक मला — आणि उरलेलं एक नेहमी माझ्या हातात. एकदा एका पोरानं माझी वेणी ओढली. ताई काही बोलली नाही, जाऊन त्याच्या दप्तरावर बसली. मधली सुट्टी संपली, गुरुजी आले, तरी उठेना. “आधी छकीला सॉरी म्हण,” एवढंच. त्या पोरानं म्हटलं तेव्हाच उठली.

सातवीनंतर ती घरी राहिली. मी पुढं गेले. बारावी झाली आणि लातूरच्या कॉलेजात बीएस्सीला लागले. मुरुडवरून रोज अपडाऊन. सकाळी ताई मला बसपर्यंत सोडायला यायची. तिला प्रत्येक गाडी ड्रायव्हरवरून ओळखता यायची. गाडी हलली की खिडकीला हात लावून म्हणायची, “मी कवा येऊ गं तुझ्या कॉलेजात?”

आणि कॉलेजात मी काय सांगितलं होतं? मैत्रिणींनी विचारलं, घरी कोण कोण? मी म्हटलं — मी एकटीच. इतकं सहज निघालं तोंडातून. का म्हटलं? त्या लातूरच्या होत्या, त्यांचे कपडे, त्यांचं बोलणं... जाऊ द्या. कारणं सांगायला बसले नाही मी.

मी दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजनं नवा कोर्स काढला. ताईसारख्या, सावकाश शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, दोन वर्षांचा. सकाळी ग्रंथालयात नाहीतर ऑफिसात काम शिकायचं, दुपारी बाकीच्या मुलांबरोबर एखाद्या तासाला बसायचं, शेजारी मदतीला एक विद्यार्थी जोडीदार. आप्पांना हे शाळेतल्या मॅडमकडून कळलं. मी घरी चकार शब्द काढला नव्हता.

मुलाखतीला आप्पा ताईला घेऊन आले. मी प्रॅक्टिकल आहे सांगून प्रयोगशाळेतच बसून राहिले. प्रॅक्टिकल नव्हतं. वरच्या खिडकीतून ते दोघं दिसत होते — आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातलेला, ताईनं फाइल छातीशी धरलेली. ताई मान वर करून एकेक खिडकी बघत होती. मी मागं सरकले.

आठवड्यानं कोर्सच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. आप्पांनी अभिमानानं सांगितलं होतं ना, धाकटी इथंच शिकते म्हणून! मॅडम हसत होत्या. म्हणाल्या, “तुझ्या बहिणीनं पुस्तकं नंबरावरून बिनचूक लावली गं. आम्ही तिला घेतोय. हे पत्र घरी दे, वडिलांची सही घेऊन सोमवारी आण.”

पत्र तीन दिवस माझ्या जर्नलमध्ये होतं. तीन दिवस घरी ताई विचारायची, “आलं का गं माझं?” आणि माझ्या डोळ्यांपुढं एकच यायचं — कॅन्टीनमध्ये मैत्रिणींच्या घोळक्यात मी बसलेय, आणि पलीकडून ताई पूर्ण आवाजात ओरडतेय, “छके!”

सोमवारी मॅडमना म्हटलं, वडील नको म्हणतात. त्यांना पटेना. “मुलाखतीला तर इतके खुशीत होते. मी बोलू का त्यांच्याशी?” मी म्हटलं, “नको मॅडम, ते चिडतील.” आयुष्यात कधी कुणावर न चिडलेल्या माणसाबद्दल मी हे म्हटलं. परतताना लातूरच्या स्टँडवर पत्र फाडलं.

घरी ताई दारातच होती.

“मला घेतलं का गं?”

“न्हाई ताई. जागा भरल्या.”

ती ओट्यावर बसली. आप्पा आत कपडे बदलत होते, ते तसेच थांबले. ताईनं विचारलं, “म्या पुस्तकं चुकीची लावली का?” मी वाकून चपला काढायला लागले. मग तीच म्हणाली, “असू दे. तू हायस ना कॉलेजात. एक जण असलं की झालं.”

तेवढ्यानंही मी कबूल केलं नाही.

माझं शिक्षण झालं, लग्न झालं. आता नांदेडला ज्युनियर कॉलेजात शिकवते. त्या कोर्सची पोरं माझं कॉलेज संपेपर्यंत मला कॉलेजभर दिसायची. एक मुलगी ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायची. पुढं तिथंच नोकरीला लागली. ताई घरीच राहिली. निवडणं, दळणं, आईच्या मागं मागं फिरणं. पुन्हा कधी तिनं कॉलेजाचं नाव काढलं नाही, आणि आप्पांनीही तिला दुसरीकडं कुठं नेलं नाही. एकदा नकार ऐकला तोच बस झाला, म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात माहेरी होते. गच्चीवर मी आणि ताई कुरडया वाळत घालत होतो. का कुणास ठाऊक, मी सांगून टाकलं. सगळं. पत्र, मॅडम, स्टँड. ताईचा हात थांबला. मला वाटलं, आता रडेल, मारेल. तिनं मारावं असं वाटलं मला.

“म्हंजे मी पास झालते?”

“हाव ताई.”

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. पिठाचे हात तसेच घेऊन ती जिन्यावरून धावत सुटली. “आप्पा! आई! मी पास झालते! मला कॉलेजात घेतलतं!”

मी मागोमाग खाली गेले. आप्पांनी पेपर बाजूला ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाले, “काय म्हणायलीय ही?”

आई चुलीपुढून बघत होती. ताई माझ्याकडं बघत होती, हसत, वाट बघत — आता छकी सांगेल म्हणून. सांगायला काय लागत होतं? दोन शब्द.

“काही न्हाई आप्पा,” मी म्हटलं. “सपान पडलं असंल तिला.”

ताई माझ्याकडं बघतच राहिली. ती खोटं बोलत नाही. उभ्या जन्मात मी तिच्या तोंडून खोटं ऐकलेलं नव्हतं. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, “हाव आप्पा. सपान पडलतं.”

आप्पांनी पेपर उचलला. ताई हात धुवायला मोरीत गेली. मी तिथंच उभी होते.